एका बोर्डावर बाराजणी

"थांबा हं, जोडते."

आईचा हा आवाज मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बाकावर बसून ऐकायचे, शाळा सुटली की रोज. बोटांत वायरी, ओठांवर हसू, आणि गावभरच्या घरांची बोलणी त्या एकटीच्या हातून वाहायची.

आता मी संगणक शिकवते. बारा मुली, आणि धापा टाकणारे बारा जुने संगणक. मी ठरवलं, एकच दणकट यंत्र आणायचं आणि त्याच्या पोटात बारा आभासी यंत्रं, म्हणजे एकातच बारा वेगळे संगणक, चालवायची. जुन्यांनी नुसते पडदे व्हायचं. जिचं यंत्र तिचं; मोडा, जोडा, शिका.

दुकानदाराने गेमवाल्यांचा सगळ्यात वेगवान प्रोसेसर पुढे केला. "मॅडम, वाघ आहे वाघ!"

"मला एक वाघ नको, दादा. बारा बैल हवेत," म्हणत मी वेगाला जरा कमी, पण एका वेळी सोळा कामं ओढणारा, सोळा कोअरचा उचलला.

आई सोबत होती. प्रोसेसर आणि मेमरी ज्यावर बसते तो मदरबोर्ड बघताना तिने विचारलं, "एका वेळी किती जणी काम करणार गं?"

"बाराही."

"मग जागा मोजून घे. आमच्याकडे हात रिकामे असायचे, पण वायर खोचायला भोक नसायचं."

बाराजणींना मेमरीही तेवढीच जास्त लागणार होती. मी मेमरीच्या दोनच खाचांचा चकचकीत बोर्ड खाली ठेवला, आठ खाचांचा साधा घेतला.

पैसे द्यायला आलेले शाळेचे मुख्याध्यापक सर हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "तुमच्या मनासारखं घेतलंत, बाई. फसलं तर हा वर्ग बंद."

सोमवारी मुली जमल्या, मागच्या बाकावर आई, दारात सर. मी पहिलं आभासी यंत्र सुरू केलं. होईना. पुन्हा केलं. नाहीच.

"म्हटलं होतं ना," सर घड्याळ बघत म्हणाले.

पण पडद्यावरची ओळ नीट वाचली आणि मी कपाळावर हात मारला. प्रोसेसरला आभासी यंत्रं चालवायची विद्या येत होती, बोर्डानेच दाराला कुलूप घातलं होतं. यंत्र पुन्हा चालू करून बोर्डाच्या सेटिंगमध्ये शिरले. व्हर्च्युअलायझेशन: बंद. केलं चालू.

एक उघडलं. दुसरं, पाचवं, बारावं. एकीने लगेच आपलं मोडूनही टाकलं. बाकीच्या अकराजणी आपल्या कामात दंग.

"बैल निघाले की हो, बाई!" सर हसले. "वर्ग चालू ठेवा."

ते गेल्यावर आई जवळ आली. माझा खांदा धरून हळूच म्हणाली,

"एक्स्चेंज बंद झालं आणि माझी नोकरी गेली, असं सांगत आले ना मी? गेली नव्हती. नव्या यंत्रांचं काम शिकवून ठेवून घेणार होते मला. मीच नाही म्हटलं. घाबरले होते, पोरी. तू नाही घाबरलीस."