केकमधला जावई

मित्रांनो, मी एक जुना वाचक आहे, पण पुस्तकांचा नव्हे. पोट बिघडवणारे जिवाणू असतात ना, त्यांचा जीनोम, म्हणजे प्रत्येकाच्या आत लिहिलेला त्याचा कुळवृत्तांत, मी अक्षर न् अक्षर वाचतो. मी कपाटाएवढे यंत्र. आरोग्य प्रयोगशाळेत मला आणले तेव्हा मी दारातून आत जाईना, म्हणून चौकटच काढावी लागली. असे स्वागत फार थोड्यांच्या नशिबी येते.

शेजारच्या फ्रीजरमध्ये एक ओळखीचा जिवाणू राही. चाचण्या नीट चालतात का, हे पाहण्यासाठी तो मुद्दाम पाळला होता. त्याची बडदास्त अशी, की सगळे त्याला 'जावई' म्हणत.

एकदा एका शाळेत वर्गभर मुले आजारी पडली. आदल्या दिवशी वर्गात केक वाटला होता. मुलांच्या नमुन्यांत साल्मोनेला नावाचा जिवाणू निघाला आणि केकमध्येही तोच निघाला. झाले, केक करणाऱ्या काकूंच्या दुकानाला कुलूप लागले. काकू आमच्या काचेपलीकडच्या बाकावर येऊन बसल्या.

"माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं पोट दुखलं नाही हो," त्या म्हणाल्या. "पण आता माझं कोण ऐकणार?"

"पूर्ण वाचून होऊ दे, काकू. तोवर मीही काही म्हणणार नाही," आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या.

मी वाचायला बसलो. फोनवर फोन येत होते, पण मी घाई केली नाही, कारण मला ती जमतच नाही. मुलांच्या पोटातले जिवाणू सख्खी भावंडे निघाली. केकमधलाही साल्मोनेलाच, पण त्यांच्या घराण्यातला नव्हता. तो होता आमचा जावई.

नमुने तपासणाऱ्या ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "जावयाची नळी उघडली, त्याच टेबलावर मी केकचा नमुना घेतला. माझंच चुकलं."

"मग काकूंना तूच सांग. मी येते बरोबर," मोठ्या बाई म्हणाल्या.

काकूंनी ऐकले, डोळे पुसले आणि मग चांगल्याच उखडल्या. "वा गं वा. जावई तुमचा आणि भुर्दंड मला?" एवढे बोलून त्यांना स्वतःलाच हसू आले. ताई मात्र रडत होती.

उरलेला केक पुन्हा तपासला, तो स्वच्छ होता. मग वर्गशिक्षिकेला आठवले, की त्या दिवशी वर्गात एक कासव आणले होते. मुलांनी त्याला हाताळले आणि त्याच हातांनी केक खाल्ला. कासवाच्या टाकीतले पाणी आमच्याकडे आले. त्यातला जिवाणू मुलांच्या जिवाणूंचा सख्खा भाऊ निघाला. मुले बरी झाली आणि काकूंचे दुकान उघडले. मला इतका आनंद झाला, की माझी घरघर दुप्पट वाढली.

आता तळहातावर मावेल असे नवे यंत्र आले आहे. ते भराभर वाचते. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी ठेवतात. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण कुणाचे दुकान बंद होण्याची वेळ आली, की ताई खोकी उतरवते, धूळ पुसते आणि म्हणते, "आजोबा, एकदा तुम्हीही वाचा."

म्हणून मित्रांनो, कुणावर ठपका ठेवावासा वाटला, तर आमच्यासारख्या सावकाश वाचणाऱ्यांचे वाचून होईपर्यंत थांबा. आणि थांबलाच आहात, तर तेवढ्यात हात धुऊन या.