उत्तेजनार्थ बक्षीस

चित्रं काढून कुणी बरं होतं होय? चारुलताचा तरी यावर काडीचा विश्वास नव्हता. पण पोटची पोर, नऊ वर्षांची गौरी, शाळेचं नाव काढलं की थरथर कापायची आणि घरातही गरजेपुरतंच बोलायची. डॉक्टर झाले, महाकालाला अभिषेक झाला, दृष्ट काढून झाली. शेवटी दर मंगळवारी माधव नगरात, चित्रांतून मुलांवर उपचार करणाऱ्या पूजा मॅडमकडे जाणं सुरू झालं. नवरा निखिल भोपाळला बँकेत, शनिवारी घरी यायचा. "रंगच फासायचे तर घरी फासू दे की, एवढ्या लांब कशाला?" एवढं बोलून तो मोकळा.

गौरी आत, चारुलता बाहेर बाकावर. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बिटिया की ड्रॉइंग उसकी अपनी बात है. दिखाए तो देखिए, न दिखाए तो पूछिए मत." घ्या! जन्म दिला आईनं, आणि लेकीनं काय काढलं हे तिनंच विचारायचं नाही. चारुलता मनात चडफडायची. नातेवाइकांना तिनं ड्रॉइंग क्लास लावलाय असं सांगून टाकलं होतं. खरं सांगायची सोय होती का? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. पण त्यापायी झालं काय, की जीव कातावला तरी चार शब्द बोलावेत असं माणूसच उरलं नाही.

श्रावणातल्या एका मंगळवारी गौरी बाहेर आली आणि कागद पुढे करून म्हणाली, "तुला."

मोठी पिवळी भिंत, आणि बाकावर एकटी बसलेली बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. बंद दाराआड बसून पोरीनं आईच काढली होती. चारुलता कागद घेऊन पुन्हा बाकावर बसली. कितीतरी महिन्यांत तिच्याकडे कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं.

आता हे कपाटात जपून ठेवावं की नाही? पण नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत चित्रकला स्पर्धा होती, आणि जयूमावशीनं फोनवर टोचलंच, "क्लास लावलाय ना? मग चित्र का नाही दिलं?" चारुलतानं दिलं. गौरीला विचारलंसुद्धा नाही.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गौरीला स्टेजवर बोलावलं. माइकवाल्या काकांनी चित्र सगळ्यांना उंच करून दाखवलं आणि लाडानं विचारलं, "ही एकटी बसलेली बाई कोण गं बाळा?" गौरी बोलेना. लोक कौतुकानं हसले. चारुलता टाळ्या वाजवत होती, अंगावर मूठभर मांस चढलं होतं तिच्या. परतताना ऑटोत पोर बाहेरच बघत बसली, तेव्हा थकली असेल असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली.

पुढच्या मंगळवारी गौरी बाहेर आली ती हातात नवीन चित्र घेऊनच. चारुलता हरखून उठली. गणपती, मोदकांचं ताट, दोन समया. रंग कुठे रेघेबाहेर गेला नव्हता. खाली कोपऱ्यात नाव, इयत्ता, शाळा, सगळं वळणदार अक्षरात. कुणालाही दाखवावं असं सुबक.

"किती छान गं! मला?"

गौरीनं मान हलवली, नाही म्हणून.

"हे पुढच्या वर्षी स्पर्धेत दे," ती म्हणाली. "यात आपलं कुणी नाहीये."