यंदा आमच्याकडे येऊ नका

अर्पितला फोन मीच केला होता. "यंदा आमच्याकडे कॅरल घेऊन येऊ नका," एवढंच सांगितलं आणि तो "जी अंकल, समझ सकता हूँ" म्हणेपर्यंत फोन ठेवलाही. अर्पित आमच्या इथल्या, हिंदी मुलखातल्या चर्चच्या तरुण संघाचा पुढारी. नाताळच्या आधीच्या आठवड्यात ही पोरं गिटार, ढोलक घेऊन मंडळीतल्या घरोघरी जातात, दारात उभं राहून ख्रिस्तजन्माची गाणी म्हणतात, फराळ करून पुढच्या घरी जातात. गेली सहा वर्षं त्या घोळक्यात आमचा मानस असायचा. जुलैत शहराबाहेरच्या सिमरोलहून येताना त्याची बाइक ट्रकखाली गेली. तेवीस वर्षांचा होता.

सगळ्यांची पोरं दारात येणार आणि आमचं तेवढं नसणार, हे मला बघायचं नव्हतं. मी मुळात तापट, त्यात जुलैपासून देवाशी अबोला धरलेला. रविवारी चर्चला जायचो, पण पाळकसाहेबांनी प्रार्थनेला डोळे मिटायला सांगितले की मुद्दाम पंख्याकडे बघत बसायचो.

माझी बायको मनोरमा, तिचं निराळं. माती दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायची. रडायची, भांडायची, "तुला सगळं ठाऊक होतं ना?" असं देवाला स्वच्छ विचारायची आणि मग पदर खोचून पोळ्या लाटायची. मी एकदा खेकसलो, "काय मिळतं गं तुला त्यातून?" तर म्हणाली, "मानस कुठे आहे हे ज्याला माहितीये, त्याच्याशी बोलते. तुम्हाला माहितीये का? मग?"

फोनचं तिला सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, हिंमतच झाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने करंज्यांसाठी खोबरं किसायला घेतलं. शेजारच्या शैलजावहिनी मायेने म्हणाल्या, "मनोरमा, वर्षाच्या आत कशाला गं गोडधोड? लोग क्या बोलेंगे? दुखवटा पाळतात."

"आमच्यात तसं नसतं, वहिनी," ती म्हणाली. "आणि पोरं गाऊन गाऊन भुकेजलेली येतात."

तीन दिवस घरात तळण चाललं होतं. मी भरलेले डबे वरच्या फळीवर चढवत होतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नव्हतो.

कॅरलची पोरं आमच्या भागात यायची त्या संध्याकाळी तिने ठेवणीतली साडी नेसली, अंगणातला दिवा लावला, दार सताड उघडलं. सातच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या कुरियन यांच्या घरी गिटार वाजली. मनोरमा करंज्यांचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आता तरी सांगून टाकावं म्हणून मी "अगं..." म्हटलं, तेवढ्यात घोळका आमच्या गल्लीत वळला.

आणि गप्प झाला. पोरांनी गिटार खाली केल्या, माना खाली घातल्या आणि अंत्ययात्रेत चालावं तशी, पाय न वाजवता, आमच्या फाटकासमोरून जाऊ लागली. आम्हाला त्रास होऊ नये म्हणून. मी सांगितलं होतं अगदी तसंच. मनोरमाचा चेहरा पडला.

"अर्पित!" ती फाटकाशी जाऊन ओरडली. "मेरा घर भूल गए क्या, भिया?"

अर्पित जागीच थिजला. त्याने माझ्याकडे पाहिलं. शहाणा पोरगा, माझं नाव काही घेईना.

"त्याला मी सांगितलं होतं," सगळ्यांसमोर मी म्हणालो. "मला सहन झालं नसतं."

वाटलं, आता आपली खैर नाही. पण ती ओरडली नाही. "मग तुम्ही आत बसा," म्हणाली, "पण मला ऐकू द्या. मोठ्या आनंदाची बातमी आहे ना ही? ती दुःखातल्या माणसाला नाही सांगायची, तर कुणाला सांगायची? ज्यांचं सगळं ठीक चाललंय त्यांना?" मग पोरांकडे वळली. "गाओ रे. मुझे रोना आया तो रो लूँगी, तुम लोग रुकना मत."

पोरं गायला लागली, पण गाणं काही उभं राहीना. मनोरमा अहिल्यानगरच्या मंडळीत गाऊन वाढलेली, कानाची तिखट. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "नीचे का सुर कौन गा रहा है?"

"कोई नहीं, आंटी," अर्पित म्हणाला. "वो मानस भिया का था. हमने खाली छोड़ा है."

"देवाच्या गाण्यात जागा रिकामी नाही सोडत, बेटा." ती माझ्याकडे वळली. "अहो, त्याला तो सूर शिकवला कुणी?"

मीच शिकवला होता. दहावीत त्याचा आवाज फुटला तेव्हा, याच ओट्यावर बसून, दर दोन ओळींना त्याच्यावर डाफरत. मला म्हणायचं होतं की माझा घसा बसलाय, मला जमणार नाही. पण ती बाई समोर उभी होती, डोळ्यांना धारा आणि मान ताठ. मला तिचा इतका अभिमान वाटला की नाही म्हणायची लाज वाटली. फाटक उघडून मी मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

पहिल्या ओळीला आवाज चिरकला. दुसऱ्या ओळीलाही. तिसरीला सूर लागला आणि बाकीच्यांचं गाणं त्यावर येऊन टेकलं. मानस काही परत आला नाही. दुःखही तसूभर हललं नाही. पण पाच महिने मी ते एकटाच ओढत होतो, आणि आता कुणीतरी दुसऱ्या बाजूने हात लावला होता. कुणी, ते मला नीट माहीत होतं. ज्याच्याशी अबोला धरला होता, त्यानेच.

करंज्या फस्त झाल्या. पोरं निघाली तसा मी घरात वळलो. "तुम्ही कुठे निघालात?" मनोरमा म्हणाली. "अजून चार घरं राहिलीत." आणि तिने स्वेटर माझ्या हातात कोंबला.

पुढचं घर नागपूरहून बदली होऊन आलेल्या एका कुटुंबाचं होतं. ते आम्हाला ओळखत नव्हते. गाणं झाल्यावर त्या घरच्या बाईंनी पोरांच्या गर्दीत माझं पांढरं डोकं पाहिलं आणि हसत विचारलं, "काका, तुम्ही कसे तरुण संघात?"

अर्पित माझ्या वतीने काहीतरी सांगायला पुढे सरसावला. मी त्याला हाताने मागे सारलं.

"मी मानसचा बाबा," मी म्हणालो. "खालचा सूर आमच्या घरचा आहे."