शेवंतीची हाक

मायानं जमिनीची थरथर टिपणाऱ्या तिसऱ्या जिओफोनचा खिळा टाचेनं मातीत दाबला आणि पुन्हा एकदा मोजून घेतलं. जिओफोन तीन: एक हत्तिणीच्या पुढच्या पायाजवळ, दुसरा शेडच्या दारात, तिसरा बांधावर. लॅपटॉप एक. पाण्याची बादली एक. हत्तीण एक, वय बेचाळीस. माहूत एक, त्याचं नेमकं वय त्यालाच ठाऊक नव्हतं.

"एवड्यावर भागंल?" पीरमहंमदनं विचारलं. "कोयनेला भूकंप मोजाया लय लागत असतील की."

"तिथं पुष्कळ लागतात, चाचा. हिला तीन पुरेत."

"ही बी भूकंपच हाय. लहानपणी दोन भिंती पाडल्यात हिनं."

शेड एके काळी बेदाणा वाळवायचं होतं. हिरव्या जाळीतून ऊन गाळून येई आणि शेवंतीच्या पाठीवर पाण्यासारखं हलत राही. शेजारच्या शेडमध्ये हंगाम सुरू होता. सुकत्या द्राक्षांचा गोड, जड वास सगळ्या शिवारावर पसरला होता. चार वर्षांची असताना शेवंती इथल्या देवस्थानात आली. त्यानंतर तिनं दुसरा हत्ती पाहिला नव्हता.

आता कर्नाटकातल्या एका हत्ती कॅम्पनं तिला घ्यायची तयारी दाखवली होती. तिथं अकरा हत्ती होते, नदी होती, जंगल होतं. देवस्थानच्या मंडळींनी शेवटचा शब्द पीरमहंमदवर सोडला होता, आणि महिना झाला तरी तो होकार देत नव्हता.

"तिला त्यांची बोलीच येत न्हाई," तो म्हणायचा. "अकरा जणांत मुक्यागत कडंला उभी ऱ्हाईल. त्यापरीस हितं माझ्यासंगं बरी."

रहिमतपूरच्या मायानं हे मैत्रिणीकडून ऐकलं होतं आणि कोयनेच्या भूकंपकेंद्रातल्या आपल्या कामावरची उपकरणं दोन दिवसांसाठी मागून आणली होती. हत्ती घशातून इतक्या खालच्या सुरात हाक देतात की माणसाच्या कानाला ती लागत नाही. ती हवेतून जाते, तशी जमिनीतूनही जाते. ऐकणारा हत्ती जागच्या जागी थांबतो आणि पायांनीही ऐकतो. शेवंतीला ते अजून येतं का, एवढंच मायाला पाहायचं होतं. जंगलात टिपलेली एका कळपाची हाक तिच्याजवळ होती. पण तेवढा खालचा सूर मोबाइलमधून निघत नव्हता.

म्हणून गावातल्या ट्रॅक्टरवाल्या गुंडाला बोलावलं होतं. कारखान्यावर ऊस घालून तो परतला तो रिकाम्या दोन ट्रॉल्या खडखडवत. ट्रॅक्टरच्या सीटमागं माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर बांधलेले.

"गाणं कंचं लावू, ताई? शेवंतीला माझी गाणी लय आवडत्यात. मी गेलो की कान हलवती."

"माशा हाकती ती," पीरमहंमद म्हणाला.

"गाणं नको. हे लाव."

गुंडानं मायाचा मोबाइल जोडला, आवाज पूर्ण सोडला आणि वाट बघितली. "ह्येच्यात तर कायच वाजंना."

"स्पीकरवर हात ठेव."

त्यानं ठेवला आणि झटकन काढला. "आयला! आत बैल कोंडलाय जणू."

बादलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उमटली. शेडच्या जाळीवरची धूळ सुटून उन्हात तरंगायला लागली. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त छातीवर कुणीतरी हलकेच हात ठेवल्यासारखं वाटत होतं.

शेवंतीनं चघळायचं थांबवलं. उसाचं वाढं तोंडातून अर्धं लोंबत राहिलं. तिचे कान पसरले आणि तसेच राहिले. तिनं भार पुढच्या पायांवर घेतला, सोंडेचं टोक मातीला टेकवलं. पीरमहंमद सवयीनं पुढं झाला आणि तिच्या कपाळावर पंजा टेकवून उभा राहिला.

मायानं आवाज बंद केला. काही क्षण लॅपटॉपच्या पडद्यावरची रेघ सरळ गेली. मग पहिल्या जिओफोनची रेघ जाड झाली आणि पाच सेकंद जाडच राहिली.

"चाचा," माया हळूच म्हणाली, "बोलली ती."

पीरमहंमदनं हात काढला नव्हता. "ह्ये? हातात मुंग्या आल्यागत झालं, त्येच?"

"हो."

"ह्ये तर रोज करती."

"कधी?"

"सांजंला मी जेवाया घरला निघतो तवा. निघताना असा हात ठेवतो. मला वाटायचं, माझाच हात म्हातारा झालाय."

शेवंती अजून हलली नव्हती.

"मग आता अशी गप का?" गुंडानं विचारलं.

"हाक दिली की हत्ती थांबतात," माया म्हणाली. "उत्तर येतंय का ते ऐकतात."

पीरमहंमदनं आपल्या पंजाकडं पाहिलं, दोन्ही बाजूंनी. मग खाली वाकून शेवंतीच्या तोंडून पडलेलं वाढं उचललं, झटकलं आणि तिला परत दिलं. ती ते घेईना. त्यानं ते तिच्या पायाशी ठेवलं.

"कळव त्या कॅम्पवाल्यांस्नी," तो म्हणाला. "न्या म्हणावं. तितं कुणीतरी वळखंल तिची हाक."

गुंडानं ट्रॅक्टर सुरू केला नाही. दिवस कलला होता. जाळीतलं ऊन शेवंतीच्या पाठीवरून उतरून भिंतीवर गेलं होतं. पीरमहंमदनं नेहमीसारखा तिच्या कपाळावर हात ठेवला, चपला घातल्या आणि जेवायला घराकडं निघाला.

मायानं खिळे उपटले नाहीत. ती पडद्याकडं बघत राहिली.

आधी त्याची पावलं आली: बारीक, सारख्या अंतराची, दारापासून बांधाकडं जाणारी. मग पहिल्या जिओफोनवर तीच जाड रेघ: अठरा हर्ट्झ, पाच सेकंद. पावलं बांधावर थांबली. चाळीस सेकंद तिन्ही रेघा सरळ.

तिसऱ्या जिओफोनवर त्याच्या टाचेचे तीन ठोके.

सात सेकंद शांतता. पहिल्या जिओफोनवर अठरा हर्ट्झ, अकरा सेकंद.