कुलपातली मशीनं

इजिप्तमधल्या आमच्या गावच्या मुलींच्या तंत्रशाळेत शिवणमशीनं आहेत का? आहेत की! कारखान्यात असतात तसलीच, विजेवर चालणारी. फक्त ती कुलपात होती. किल्ली बहगतकाकांच्या कमरेला, आणि मुलींनी शिकायचं फळ्यावरच्या चित्रावरून. मंडळी, हसू नका. अशी कुलपं तुमच्याही गावात सापडतील.

बहगतकाका शाळेचं भांडार सांभाळायचे. माणूस वाईट नव्हे. पण सगळं सरकारी सामान त्यांच्या नावावर, काही मोडलं की भरपाई त्यांच्याकडून, आणि निवृत्ती तोंडावर आलेली. कुणी किल्ली मागितली की म्हणायचे, "मी गेल्यावर खुशाल नाचा त्या मशीनांवर!"

हनादी शेवटच्या वर्षाला होती. बाप वीटभट्टीवर. नाईलपलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यानं तिला चाचणीला बोलावलं. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कैरोला मामीकडे घरकामाला जायचं, असं बापानं बजावलं होतं. मशीनच्या प्रत्येक भागाचं नाव पोरीला पाठ. पण चाचणीत पॅडलवर पाय ठेवला मात्र, मशीन जे सुसाट सुटलं! कापडाचा बोळा झाला, हनादी किंचाळली आणि कारखान्यातल्या सगळ्या बायका खो-खो हसल्या.

"पुढच्या महिन्यात ये परत," मुकादमीण म्हणाली. "पण मशीनला एकदा हात तरी लावून ये गं बाई!"

दुसऱ्या दिवशी तिच्या शिक्षिका रावयाबाई तिला घेऊन तडक भांडारात गेल्या. काका तामियाची भजी आणि रोटी खात बसले होते.

"काका, किल्ली द्या."

"आल्या आल्या भांडण? आधी चहा घ्या."

"चहा राहू दे. ही पोरगी कैरोत भांडी घासायला जाणार आहे. तीन वर्षं इथे काय शिकली ती?"

"आणि मोडतोड झाली तर? माझी पेन्शन तुम्ही देणार?"

"मोडलं तर माझ्या नावावर घाला. पण काका, सरकारनं मशीनं कुणासाठी पाठवली? तुमच्या कुलपासाठी?"

काकांना ते लागलं. ताडकन उठले. "चला, दाखवतोच! नवीकोरी ठेवलीत, अल्लाशपथ! नव्या नवरीच्या कपाटातल्या बश्यांसारखी जपलीत मी!"

कुलूप उघडलं. काकांनी मोठ्या ऐटीत पहिल्या मशीनवरचं प्लास्टिक काढलं. आतला रबरी पट्टा हात लावताच तुकडे होऊन खाली पडला. सुया गंजलेल्या, तेल घट्ट झालेलं. दुसऱ्यात तर उंदरांनी संसार थाटलेला!

"या अल्ला! मी तर रोज धूळ झटकत होतो," काका पुटपुटले. "वरून."

हनादीनं खालचा तुकडा उचलला. "काका, हा पट्टाच ना? याचं चित्र मी किती वेळा काढलंय."

ती टोमणा मारत नव्हती. खरंच पहिल्यांदा बघत होती. काका मटकन स्टुलावर बसले. एकही मशीन चोरीला गेलं नव्हतं आणि एकही चालत नव्हतं! डोळे पुसून त्यांनी स्वतःच कारागिराला बोलावणं धाडलं.

मशीनं दुरुस्त होताना मुली तेल घालायला, पट्टा चढवायला शिकल्या. मग शिवण सुरू झालं. पहिल्याच दिवशी हनादीकडून टक्कन सुई मोडली. साऱ्या वर्गानं श्वास रोखून काकांकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघता?" काका खेकसले. "दुसरी लावा की!"

हनादी रोज शेवटपर्यंत बसायची. पुढच्या चाचणीत मशीन तिच्या पायाखाली शहाण्यासारखं चाललं. कैरोचं जाणं रद्द झालं.

वर्षअखेर तपासणीसाठी साहेब आले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "भांडारवाले, ही मशीनं झिजलेली दिसतात?"

"झिजणारच, साहेब," काका ताठ उभे राहून म्हणाले. "मुली शिकतात त्यांच्यावर."

मंडळी, गरिबाच्या पोरांकडे हुशारी असते, हौस असते. कमी पडतो तो हात चालवायला मिळणारा सराव, आणि तो आपणच सांभाळण्याच्या नावाखाली कुलपात घालतो. सामान वापरून झिजलं तर त्याचं चीज झालं. तेव्हा एक करा. उद्या आपल्या गावच्या शाळेत जा आणि विचारा, किल्ली कुणाकडे आहे?