चिंचेच्या बुंध्यातला हिंग

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे आणि धंद्याची गरजही. घर बांधणारा माणूस खोटं बोलतो, ठेकेदार त्याहून जास्त. फुलंब्रीचे आप्पासाहेब क्रांती चौकातल्या माझ्या ऑफिसात येऊन म्हणाले, "मॅडम, सुट्टीचं घर पायजे, पण एका झाडालाबी धक्का लागू द्यायचा नाय," तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. पण असं गिऱ्हाईक आर्किटेक्टला जन्मात एकदा मिळतं. मी विरघळले.

फुलंब्रीच्या पलीकडे त्यांची पाच एकर राई होती. कडुनिंब, चिंच, अंजन. मी प्रत्येक झाडावर गेरूने नंबर घातला आणि दगडी खांबांवर उचललेलं, मातीच्या विटांचं घर झाडांमधून वळवत नेलं. नकाशा पाहून आप्पासाहेबांनी एकच विचारलं, "ओट्यावरनं डोंगर दिसंल का?"

मी घराच्या पश्चिम कडेपासून डोंगरापर्यंत निळ्या पेन्सिलीने रेघ ओढली. "मध्ये ही तीन झाडं येतात. म्हणून ओटा पूर्वेला घेतलाय."

ते हसले आणि नकाशा घेऊन गेले.

दोन महिन्यांत दोन कडुनिंब उभे वाळले. बुंध्याशी गिरमिटाने पाडलेलं भोक, त्यात हिंग, वर मातीचं बूच. झाड मारायची ही जुनी रीत. कुऱ्हाडीचा आवाज नाही, आणि कुणी विचारलंच तर झाड आपोआप वाळलं.

राईत राहणारी एकटी साळूबाई, वीस वर्षांची राखणदारीण. वाळलेलं लाकूड तिच्याच चुलीत जाणार. तिच्या खोपटात हिंगाची डबीही दिसली. ती कुणाच्या घरात नसते? पण डोक्यात शिरलेला किडा निघेना. मग एका सकाळी ती चिंचेच्या बुंध्याशी बसलेली सापडली, हात चिखलाने माखलेले, शेजारी तांब्या.

"काय करताय?"

"धुतेय, बाई. कुणीतरी हितंबी हिंग भरलाय. रोज काढते, पाणी वतते. रोज पुन्हा भरत्यात."

"वास तर तुमच्याच हाताला येतोय."

"काढनाराच्या हाताला येनारच की."

चोर तो चोर, वर शिरजोर! मी तिथूनच आप्पासाहेबांना फोन लावला. "मलाबी तिच्यावरच शक व्हता," ते लगेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी साळूबाई बोचकं घेऊन लेकीकडे बजाजनगरला गेली. मला समाधान वाटलं, हे कबूल करते.

पुढच्या पंधरा दिवसांत चिंच वाळली.

आता राईत साळूबाई नव्हती. मी नकाशा पसरला आणि मेलेल्या झाडांवर फुल्या मारल्या. तिन्ही फुल्या माझ्याच निळ्या रेघेवर पडल्या.

राईत पोचले तेव्हा दोन्ही कडुनिंब गेले होते आणि मजूर आडवी पडलेली चिंच तोडत होते. जिथून मी निळी रेघ ओढली होती तिथे आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. समोर डोंगर मोकळा दिसत होता.

"हिंग तुम्ही भरवलात," मी म्हणाले.

"जितं झाड एकबी तोडलं नाय, मॅडम. आन् मधी कोनती येत्यात, ते तुम्हीच दाखवलं." त्यांनी चहाचा कप पुढे केला. "आता ओटा पश्चिमेला घ्या."

मी कप घेतला नाही. काम तिथेच सोडलं. त्याने चिंच काही परत येणार नव्हती. कुंपणच शेत खात होतं आणि मी राखणदारणीलाच हाकलून दिलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बजाजनगरला तिच्या लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना माफीची वाक्यं मनाशी घोकत होते. दार साळूबाईनेच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तिने विचारलं, "चिंच तगली का, बाई?"

मी मान खाली घातली.

ती आत गेली आणि तोच तांब्या पाण्याने भरून माझ्या हातात दिला.