अंगण खरंच वाकडं होतं

हसून झालं असेल, तर मी बोलतो. मी एक पिकअप ट्रक. माझं पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही आणि उभा असलो की मी डावीकडे कलतो. आमच्या एस्पान्योला गावात बुटक्या गाडीला कोणी हसत नाही, ती तर इथली शान. हसतात ते माझ्या कलण्याला.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला उंचापुरा होतो. बेलार्मिनोंच्या घरी आलो आणि कामाला लागलो. डोंगरातली लाकडं, मिरच्यांची पोती, कधी शेजाऱ्याच्या मेंढ्या, सगळं मुकाट्याने वाहिलं. चालकाशेजारी, उजवीकडे, त्यांची बायको ओर्लिंदा बसायची. अंगाने भरलेली आणि तोंडाने त्याहून. "हळू. पुढे खड्डा आहे. दिसतोय ना?" मी निम्मा पेट्रोलवर चालायचो आणि निम्मा तिच्या सूचनांवर.

मग बेलार्मिनो वारले. त्यांना माती देऊन आल्यावर ओर्लिंदाने माझं दार लावलं, ते पुन्हा उघडलं नाही. कुठे जायचं झालं तर शेजारणीच्या गाडीतून जायची. मी अंगणात पडून राहिलो. टायर बसले, चाकांत गवत वाढलं. फार वाईट वाटायचं, पण लोखंडाला विचारतो कोण?

त्यांचा मुलगा नासारिओ याने मला खाली बसवून बुटकं करायचं मनावर घेतलं. खिसा रिकामा, हौस दांडगी. मागे ॲक्सल आणि स्प्रिंगपाट्यांच्या मध्ये त्याने भंगारातले लोखंडी ठोकळे घातले, तशी माझी मागची बाजू खाली बसली. पुढच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापून आखूड केल्या. कारागिराकडून नक्षी काढून घेणं परवडणार नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातला जाळीचा पडदा माझ्या टपावर पसरला आणि वरून रंग फवारला. पडदा उचलला तर टपभर फुलं.

"बापाच्या ट्रकचे पाय कापलेस, आता माझा पडदाही घे," ओर्लिंदा दारातून म्हणाली. "मी काही त्यात बसायची नाही."

"तुला कुणी बोलावलंय?" तो म्हणाला.

तोंडाने म्हणाला, एवढंच. उजवीकडची गादी त्याने सगळ्यांत आधी शिवून घेतली होती. आईचे गुडघे दुखतात, बुटक्या गाडीत तिला चढावं लागणार नाही, हे तो माझ्याखाली पडल्यापडल्या पुटपुटायचा. तिने पुन्हा माझ्यात बसावं, यासाठीच तो सगळा खटाटोप होता.

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. आमचं अंगण मात्र खरंच वाकडं. उजवीकडे पाटाच्या पाण्याकडे ते उतरत जातं. नासारिओने तिथेच मला उभं करून पाणसळ लावली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत डावी स्प्रिंग कापत राहिला. अंगणात मी अगदी सरळ दिसत होतो.

ईस्टरच्या रविवारी प्रार्थना आटोपली की सारं गाव गाड्या काढून मोठ्या रस्त्यावर मुंगीच्या पावलांनी फिरतं. चर्चसमोरच्या सपाट जागेत रांगेत उभा राहिलो आणि पितळ उघडं पडलं.

"काय रे, डाव्या खिशात दगड भरलेस का?" शेजारच्या त्रांकिलिनोने विचारलं. अख्खी रांग हसली. कापलेली स्प्रिंग काही परत वाढत नाही. नासारिओचा चेहरा उतरला, आणि घरी परतायला त्याने किल्ली फिरवली.

तेवढ्यात चर्चच्या पायऱ्यांवरून ओर्लिंदा उतरली. सरळ माझ्याकडे आली. टपावरच्या फुलांवरून तिने एकदा हात फिरवला, दार उघडलं आणि खुर्चीत बसावं तशी आत बसली. माझी उजवी बाजू खाली गेली आणि मी ताठ झालो. रांगेतलं हसू थांबलं.

"बसणार नव्हतीस ना?" नासारिओने विचारलं.

"माझ्या नवऱ्याच्या ट्रकला लोक हसतात, ते बघत उभी राहू? चल. हळू. पुढे खड्डा आहे."

नवी स्प्रिंग केव्हाच आली आहे. ती फळीवर पडून असते, नासारिओ बसवत नाही, आणि कुणी बसवूही नये एवढीच माझी विनंती. मी सरळ दिसलो तर समजा, ओर्लिंदा आत आहे. कललेला दिसलो तर खुशाल हसा. ती बाजारात मिरच्या निवडत असेल, आणि मी तिची वाट बघत असेन.